एक खोली, दोन वये

वऱ्हाडातल्या घरात मुलांची खोली लावायला घेतली की पहिला प्रश्न रंगाचा नसतो आणि पलंगाचाही नसतो. कूलर कोणत्या खिडकीत बसणार, हे आधी ठरवावे लागते. सजावटीच्या पुस्तकांतल्या देखण्या छायाचित्रांत हा प्रश्न कुठेच दिसत नाही, कारण ती छायाचित्रे अकोल्याच्या मे महिन्यात काढलेली नसतात. २०२४च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले होते. शिकवणी वर्गांनाही आपल्या वेळा बदलण्यास सांगितले गेले. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामागेही हेच ऊन आहे. म्हणजे आपली मुले उन्हाळ्याच्या कितीतरी दुपारी एकाच खोलीत, एकाच कूलरपुढे काढतात. त्यांतले एक सोळा वर्षांचे आणि दुसरे सहा वर्षांचे असेल, तर त्या खोलीत काय काय घडत असते, हे सांगायची गरज नाही. आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतच असतो.

अमरावतीच्या साईनगरात किंवा अकोल्याच्या गोरक्षण रोडवर आज जी दोन शयनगृहांची घरे आहेत, त्यांत एक खोली आईवडिलांची आणि दुसरी मुलांची, अशी सरळ वाटणी होते. आजी-आजोबा सोबत असतील तर दिवाणखान्यातला दिवाण त्यांचा. मुलांना स्वतंत्र खोल्या हा बहुतेकांच्या आवाक्यातला विषय नाही, आणि त्याची खंत करण्याचे कारणही नाही. मात्र एका खोलीत दोन समवयस्क मुले राहणे वेगळे आणि वयात सात-आठ किंवा दहा वर्षांचे अंतर असलेली भावंडे राहणे वेगळे. दुसऱ्या परिस्थितीत खोलीचे चौरस फूट समान वाटून भागत नाही. धाकट्याला तिथे झोप हवी असते, थोरल्याला आडोसा. या दोन गरजा सांभाळल्या की उरलेली सजावट सोपी आहे.

आधी हवा, मग पलंग

कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून आत ओढतो; पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि गारवा येतो. आत आलेल्या या हवेला बाहेर जायला वाट मिळाली नाही तर तासाभरात खोली दमट होते, अंगाला चिकचिक सुटते आणि मूल रात्रभर कूस बदलत राहते. म्हणून कूलरच्या समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी थोडी उघडी राहील, अशीच मांडणी करावी. नेमके त्याच दाराआड कपाट सरकवून ठेवलेली घरे मी अनेक पाहिली आहेत.

आता उशा कुठे ठेवायच्या? धाकट्याची उशी थेट झोतात नसावी. लहान मूल झोपेत पांघरूण फेकून देते, आणि पहाटे चारला जी ओलसर गार हवा थोरल्याला सुखाची वाटते, तीच त्याचे नाक चोंदवते. थोरले मूल झोतात झोपले तर त्याला उठून पंखा कमी करता येतो, पंप बंद करता येतो. म्हणून झोताजवळची जागा थोरल्याची, बाजूची धाकट्याची. धाकट्याला हा अन्याय वाटेल. त्याला कारण समजावून सांगावे. सहा वर्षांचे मूल कारण ऐकते, फक्त ते एकदा सांगून भागत नाही.

लोखंडी कूलरच्या बाबतीत एक गोष्ट सजावटीत मोडत नसली तरी इथेच सांगणे भाग आहे. पाणी भरताना किंवा ओल्या हाताने कूलरला स्पर्श होऊन विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. तीन पिनांचा प्लग, तपासून घेतलेले अर्थिंग आणि घराच्या विजेच्या फळीवर गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र, एवढे झाल्याशिवाय मुलांच्या खोलीत कूलर लावू नये. बटण भिंतीवर, धाकट्याच्या हाताला न येणाऱ्या उंचीवर असावे. पाणी भरण्याचे काम मोठ्या माणसाचे, आणि तेही प्लग काढून. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासावी. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडांना चिकटून राहतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यांतून डास तयार होतात. नुसते वरून पाणी ओतत राहण्याने हे चक्र तुटत नाही.

पश्चिमेकडची भिंत दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. मुलांच्या उशा तिच्याकडे असतील तर बाजू बदलावी आणि त्या भिंतीला कपाट लावावे. पुस्तकांनी आणि कपड्यांनी भरलेले कपाट ती धग बरीच अडवते. मात्र कपाट आणि भिंत यांत चार बोटे जागा सोडावी. काळ्या मातीवर उभ्या असलेल्या आपल्या घरांच्या भिंतींना बारीक भेगा पडतात, पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि कपाटामागे बुरशी वाढते. मुलाला दर श्रावणात खोकला होत असेल तर औषध बदलण्याआधी एकदा कपाट सरकवून मागे पाहावे.

दोन घड्याळे

‘अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन’ या संस्थेने २०१६ साली वयानुसार झोपेचे तास सुचवले. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह दिवसाकाठी १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. सात वाजताची शाळा असलेले सहा वर्षांचे मूल सहाला उठायचे असेल तर ते उशिरात उशिरा नऊ वाजता झोपलेले असले पाहिजे. त्याच खोलीत बारावीतली ताई नऊ वाजता दुसऱ्यांदा पुस्तक उघडत असते.

ताईचा यात दोष नाही. वयात येताना शरीरातले घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते आणि सकाळी उशिरापर्यंत टिकते. त्यामुळे किशोरवयीन मुले रात्री टवटवीत आणि सकाळी जड दिसतात. आपण त्याला आळस म्हणतो. त्यातच अकोला हे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांचे मोठे केंद्र झालेले; आसपासच्या जिल्ह्यांतली मुले तिथे खोल्या घेऊन राहतात, आणि अकोल्याच्या घरातले मूलही त्या धावपळीपासून सुटत नाही. रात्री अकरापर्यंत अभ्यास, पहाटेची शिकवणी. या सगळ्यात धाकट्याच्या झोपेचा बळी जातो, आणि त्याची कोणी दखल घेत नाही, कारण त्याची परीक्षा तर नसतेच. तो दिवसभर किरकिर करतो, शाळेत त्याचे लक्ष लागत नाही, आणि मग आपण त्याच्या चंचलपणाबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारायला जातो.

उपाय उजेडाचा आहे. खोलीच्या मध्यभागी असलेला पांढरा दिवा रात्री साडेआठनंतर लावायचा नाही, हा घराचा नियम असावा. अभ्यासाचे टेबल धाकट्याच्या पलंगापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवावे. त्यावर झाकण असलेला, वाकवता येणारा दिवा, ज्याचा पिवळसर उजेड फक्त वहीवर पडेल. टेबल आणि पलंग यांच्यामध्ये पुस्तकांची उंच मांडणी आडवी उभी केली तर पडद्याचे काम होते आणि दोन्ही बाजूंनी वापरता येते. ती भिंतीला पक्की बसवलेली असावी, कारण धाकटे तिच्यावर चढणार आहे, हे गृहीत धरून चालावे. जागा अगदीच अपुरी असेल तर धाकट्याच्या पलंगाभोवती छताला दांडी लावून जाड सुती पडदा सोडावा. नुकत्याच नीट झोपू लागलेल्या मुलाला तो पडदा आवडतो. त्याला ते स्वतःचे घर वाटते. कूलर लावण्याच्या दिवसांत मात्र पडदा हवेच्या बाजूने बांधून ठेवावा.

याहूनही चांगला मार्ग असा, की साडेनऊनंतरचा अभ्यास त्या खोलीत नकोच. जेवणाचे टेबल रिकामे असते, दिवाणखान्यातला दूरदर्शनसंच बंद करता येतो. मोठ्यांनी तेवढा त्याग केला तर खोलीचा अर्धा प्रश्न सुटतो. आपली मालिका सुरू ठेवून मुलांना एकमेकांशी जुळवून घ्यायला सांगणे मला पटत नाही. मोबाइल रात्री खोलीबाहेर, एका ठरलेल्या जागी चार्जिंगला लागावा, घरातल्या सर्वांचा. आणि ज्याला पहाटे उठायचे त्याचे कपडे, दप्तर, पाण्याची बाटली रात्रीच बाहेर काढून ठेवलेली असावी, म्हणजे पाच वाजता कपाटाची दारे वाजत नाहीत.

खुंटी, कोनाडा, कुलूप

जुन्या वऱ्हाडी वाड्यांत मुलांची खोली नावाचा प्रकारच नव्हता. ओसरीवर रांगेने अंथरुणे पडत, उन्हाळ्यात सगळी गच्चीवर किंवा अंगणातल्या बाजांवर जात. पण ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना विचारा. प्रत्येकाची खुंटी ठरलेली असे. भिंतीतला एखादा कोनाडा काकांचा, एखादा आत्याचा. थोरल्या मुलाला पत्र्याची पेटी मिळे आणि तिला कुलूप असे. स्वतःची खोली नसलेल्या त्या माणसांजवळ स्वतःची म्हणावी अशी हातभर जागा निश्चित होती. आज प्रशस्त खोलीत दोन पलंग, चकचकीत कपाट आणि चार खणांत कोणाचेही काहीही, अशी स्थिती पुष्कळ घरांत दिसते. भांडणे तिथूनच सुरू होतात.

थोरल्या मुलाला एक कुलूपबंद खण द्यावा आणि त्याची किल्ली त्याच्याचजवळ राहू द्यावी. त्यात काय आहे, हे आपण विचारू नये. रोजनिशी असेल, मित्राने दिलेले शुभेच्छापत्र असेल, काहीच नसेल. धाकट्याला मात्र कुलपापेक्षा उंची महत्त्वाची: त्याच्या खांद्याच्या खालच्या फळ्या त्याच्या, तिथून त्याने स्वतः वस्तू काढाव्यात आणि स्वतःच ठेवाव्यात. वरच्या फळ्या थोरल्याच्या. ही उंचीची वाटणी सुरक्षेसाठीही लागते. घड्याळातले किंवा गणकयंत्रातले चपटे गोल सेल, लोहचुंबकाचे तुकडे, कंपास, पेनांची टोपणे, मुरुमांची औषधे या थोरल्याच्या नेहमीच्या वस्तू धाकट्याच्या जिवावर बेतू शकतात. चपटा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. तशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डास पळवणाऱ्या द्रवाची कुपी जमिनीलगतच्या सॉकेटमध्ये नसावी.

बहीण-भाऊ एकत्र असतील तर आडोशाचा प्रश्न लवकर येतो. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की, कित्येकदा त्याच्याही आधी, कपडे बदलण्याची स्वतंत्र जागा हवी. न्हाणीघर खोलीला लागून नसेल तर कोपऱ्यात दांडी व पडदा एवढे पुरते. तिच्या खणात सॅनिटरी पॅड ठेवण्याची सोय असावी, म्हणजे दर वेळी तिला आईच्या कपाटाकडे जावे लागणार नाही. दारावर टकटक करून आत जाण्याची सवय धाकट्या भावाला लावायची तर ती आधी आपल्याला लावून घ्यावी लागते. आणि दोघांपैकी कोणीही, मुलगा असो वा मुलगी, मला आता वेगळे झोपायचे आहे असे म्हणाले तर कारणांची उलटतपासणी घेऊ नये. दिवाणखान्यातला दिवाण रात्रीपुरता एकाचा होऊ शकतो; कपाट आणि टेबल आहे तिथेच राहते.

लग्नसराईत ही खोली पाहुण्यांची होते, हेही आपल्याकडचे खास. मुले खाली गादीवर जातात आणि त्यात त्यांना गंमतही वाटते. तरीही थोरल्याला आधी विचारावे, आणि त्याच्या खणाला पाहुण्यांच्या पिशव्यांचा धक्का लागू देऊ नये.

दुमजली पलंगाचा मोह

जागा वाचते म्हणून दुमजली पलंग घेण्याची टूम आता इथेही आली आहे. मला तो वऱ्हाडासाठी चुकीचा वाटतो. उष्ण हवा वर चढते, कूलरचा झोत खालून जातो. मे महिन्यात वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या मुलाची भट्टी होते. दुसरे कारण छताच्या पंख्याचे. घराची उंची साडेनऊ-दहा फूट, पंख्याची पाती जमिनीपासून आठ-साडेआठ फुटांवर, आणि वरची गादी पाच फुटांवर. त्या गादीवर मूल उभे राहिले किंवा उशा फेकण्याच्या खेळात हात वर गेला तर काय होईल, याचा हिशेब दुकानदार सांगत नाही. परदेशातले बालरोगतज्ज्ञही सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये असे सांगतात.

त्यापेक्षा काटकोनात मांडलेले दोन ठेंगणे पलंग, किंवा एकाखालून दुसरा ओढून काढता येणारा पलंग बरा. ओढून काढायचा पलंग धाकट्याला द्यावा. जमिनीलगत असल्याने पडण्याची भीती नाही, आणि दिवसा तो आत गेला की खेळायला फरशी मोकळी होते. घरात जुना नवारीचा पलंग किंवा बाज पडून असेल तर ती विकू नये. खालून हवा खेळते म्हणून उन्हाळ्यात तिच्यासारखे दुसरे काही नाही. नवा पलंग करायचा झाला तर परतवाड्याच्या बाजारातले सागवान आहे. ते महाग पडते, पण तो पलंग नातवंडेही वापरतील.

गाद्यांच्या बाबतीत आपण कापसाच्या मुलखात राहतो, हे विसरून फोमच्या मागे लागलो आहोत. फोम उष्णता धरून ठेवतो. कापसाची गादी घाम शोषते, उन्हात टाकता येते आणि चपटी झाली की पिंजून पुन्हा भरून घेता येते. महिन्यातून एकदा कडक उन्हात गाद्या-उशा गच्चीवर टाकल्याने आतला दमटपणा जातो आणि धुळीतले सूक्ष्म कीटकही कमी होतात. मुलाला दमा असेल तर पिंजाऱ्याला घरात बसवू नये. ते काम बाहेर, आणि मूल दूर असताना करून घ्यावे.

भिंती कोणाच्या

रंगावरून हमखास वाद होतो. एक भिंत तुझी, एक त्याची, असे दोन भडक रंग लावून दिले की खोली लहान दिसते आणि सीमारेषा आणखी ठळक होते. चारही भिंतींना एकच फिका रंग द्यावा, आणि प्रत्येकाला एक टाचणफलक. धाकट्याचा फलक त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा. आपण तो सवयीने आपल्या उंचीवर लावतो आणि मग तो त्याकडे ढुंकून पाहत नाही. थोरल्याच्या फलकावर सूत्रे असोत की क्रिकेटपटू, ते त्याने ठरवावे.

रंग विकत घेताना डब्यावर शिशाबाबतची नोंद पाहावी. भारतात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. जुन्या घरात त्याआधीच्या रंगाचे पोपडे निघत असतील तर ते खरवडताना लहान मुलांना घरात ठेवू नये. ती धूळ त्यांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. खरवडल्यावर खोली ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यावी.

शोभेच्या वस्तू थोड्याच असाव्यात. मेळघाटातल्या लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांच्या हातातून किती सुबक वस्तू घडू शकतात, हे दाखवून दिले आहे. बांबूची हलकी मांडणी किंवा टोपल्या मुलांच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खोक्यांपेक्षा शोभतातही आणि कोणाच्या अंगावर पडल्या तरी फारसे लागत नाही. मांडणीवरची एक फळी दोघांच्या सामाईक वस्तूंसाठी राखावी. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल तिथेच शोभतो. तो बैल बहुधा थोरल्याचा असतो आणि आता दोरी धाकट्याच्या हाती आलेली असते. मालकी कोणाची, हा वाद पोळ्याच्या आदल्या दिवशी निघतोच. त्याला रंगवण्याचे काम थोरल्याकडे आणि मिरवण्याचे धाकट्याकडे, अशी तोड बहुतेक घरांत निघते. कोजागिरीला भुलाबाई मांडायची तर तिच्यासाठीही हीच फळी मोकळी करता येईल.

ही मांडणी एकदा करून विसरता येत नाही. वर्षातून दोनदा, परीक्षा संपल्यावर आणि दिवाळीच्या साफसफाईत, दोन्ही मुलांना खोलीच्या मधोमध बसवून विचारावे की कुणाला काय अडते. सहा वर्षांचा मुलगा सात वर्षांचा झाला की त्याला टेबल हवे असते. सोळा वर्षांच्या मुलीला अचानक आरसा हवासा वाटतो.

आणि एका जुलै-ऑगस्टमध्ये थोरले मूल पुण्याला किंवा नागपूरला शिकायला जाते. त्या आठवड्यात धाकट्याला संपूर्ण खोली मिळते, आणि बहुतेक वेळा तो रात्री आपल्या उशीसह आईवडिलांच्या खोलीत येतो. त्याला येऊ द्यावे. काही दिवसांनी तो आपणहून परत जातो. टेबल आणि वरच्या फळ्या त्याला द्याव्यात, मांडणी आडवी राहण्याचे आता कारण नाही, ती भिंतीला लावून पुन्हा पक्की करावी. थोरल्याचा पलंग मात्र वर्षभर तरी हलवू नये, आणि कुलूपबंद खण रिकामा करू नये. त्याची किल्ली त्याने सोबत नेलेली असते. दिवाळीच्या सुट्टीत तो रेल्वेने बडनेऱ्याला उतरेल, घरी येऊन पिशवी टाकेल आणि आधी तो खण उघडेल.